गर्भ दिसायला चांगला होता, मग टिकला का नाही?

आषाढातल्या एका भर पावसाच्या दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातून घरी आली. सोबत सासूबाई होत्या आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली जाडजूड फाईल. मी बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर अशा फाईली घेऊन येणाऱ्या मुलींची संख्या वाढत चालली आहे. अहवाल इंग्रजीत, संमतीपत्र इंग्रजीत आणि कन्नडात. बाजारातलं, बसमधलं कन्नड या मुलींना छान येतं, पण संमतीपत्रातलं कन्नड वेगळंच असतं. हिची सही मात्र सहा ठिकाणी होती.

वय ३९. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार (आयव्हीएफ), म्हणजे बीज शरीराबाहेर फळवून दोन वेळा गर्भ गर्भपिशवीत सोडलेला. पहिला रुजलाच नाही. दुसरा रुजला आणि आठव्या आठवड्यात थांबला. त्या गर्भाचा तुकडा तपासायला पाठवला होता. त्याच्या अहवालात एक ओळ होती : ट्रायसोमी १६.

"बाई, डॉक्टर म्हणाले होते गर्भ चांगला आहे, ए ग्रेडचा. मग टिकला का नाही? माझंच काहीतरी चुकलं असणार बघा. त्याच आठवड्यात मी रोपाच्या लावणीला गेले होते."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पपई पण खाल्ली होती एक फोड."

लावणीचा आणि पपईचा या गर्भाशी काही संबंध नव्हता, हे त्या दोघींना समजावता समजावता संध्याकाळ झाली. त्या दुपारी जे बोलले, तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. आपल्या भागातल्या मोठमोठ्या चौकांत आता वंध्यत्व उपचारांचे फलक लागलेत. हसरं बाळ प्रत्येकावर आहे. स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांबद्दल एक ओळही कुठं नाही, आणि या उपचाराचं यश-अपयश बऱ्याच अंशी तिथंच ठरतं.

गुणसूत्रं : तेवीस खंड, दोन प्रती

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. ती जोड्यांनी असतात, २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. २३ खंडांचा एक मोठा ग्रंथ समजा आणि घरात त्याच्या दोन प्रती आहेत असं धरा. शरीर कसं घडवायचं त्याच्या सूचना या खंडांत आहेत. माणसात ही संख्या नक्की ४६ आहे हे १९५६ साली सिद्ध झालं. त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जायचं.

मूल व्हायचं तर स्त्रीबीजात आणि शुक्राणूत एकेकच प्रत जायला हवी, म्हणजे २३-२३. दोन्ही मिळून पुन्हा ४६. ही निम्मी वाटणी करताना एखादा खंड जास्त गेला किंवा राहून गेला, तर गर्भात ४७ किंवा ४५ गुणसूत्रं होतात. या चुकीच्या संख्येला शास्त्रात 'अ‍ॅन्युप्लॉइडी' म्हणतात. अहवालात हा शब्द दिसला की एवढंच समजायचं : वाटणी चुकली. पुढं मी 'चुकीच्या संख्येचा गर्भ' असंच म्हणणार आहे. 'ट्रायसोमी १६' म्हणजे १६ व्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन.

एक जास्त असल्यानं काय एवढं बिघडतं, असं तिनं विचारलं. बिघडतं. एका गुणसूत्रावर शेकडो सूचना असतात आणि त्या सगळ्यांचं प्रमाण एकदम दीडपट होतं. २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र सर्वांत लहानांपैकी आहे, म्हणून ते तीन असलेलं मूल जन्माला येऊ शकतं. त्यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. हे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये सापडलं. १३ आणि १८ ची ट्रायसोमी असलेली काही बाळं जन्मतात, पण बहुतेक फार जगत नाहीत. १६ ची पूर्ण ट्रायसोमी असलेला गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाही. गर्भपातात सापडणाऱ्या ट्रायसोमींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो.

म्हणजे तो गर्भ थांबणार हे बीज फळण्याच्या वेळीच ठरलं होतं. ती लावणीला गेली तेव्हा नाही.

बीज बाईच्याच वयाचं असतं

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू रोज नवे तयार होतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. बाईचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाखांपर्यंत असतात, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. त्यातली जेमतेम ४०० ते ५०० आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरतात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या म्हणून ती शिल्लक राहत नाहीत आणि मुलं झाली म्हणून लवकर संपत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. गुणसूत्रांची निम्मी वाटणी, जिला पुस्तकात अर्धसूत्री विभाजन म्हणतात, ती मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना धरून तशीच उभी राहतात. ज्या महिन्यात ते बीज पिकतं, त्याच महिन्यात वाटणी पुढं सरकते. विसाव्या वर्षी पिकलेलं बीज वीस वर्षं तसं थांबलेलं असतं, एकोणचाळिसाव्या वर्षी पिकलेलं एकोणचाळीस वर्षं.

गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवायला प्रथिनांची बारीक कडी असतात. मी तिला आमच्या शाळेच्या कपाटाची आठवण दिली. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्ही रबर लावून ठेवत असू. वर्षभरानं काढलात तर रबर शाबूत असायचं. आठ-दहा वर्षांनी गठ्ठा उचलला की रबर कडकन तुटायचं आणि एका वर्गाचे कागद दुसऱ्यात मिसळायचे. बीजातली ही कडी एकदा बसवली की नवी बसत नाहीत. वर्षं जातात तशी ती झिजतात. मग वाटणीच्या वेळी जी जोडी घट्ट राहायला हवी ती आधीच सुटते, आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला ओढली जातात. ओढणारे दोरेही वयानुसार नीट लागत नाहीत. दोष एवढाच. तो बाईच्या वागण्यात नाही, हाडापेराच्या ताकदीत नाही, व्रतवैकल्यांत नाही.

धूम्रपानानं मात्र नुकसान होतं. सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायकांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं लवकर जाते. निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूबद्दल मी नवं काय सांगणार, पण बीजांचा साठा लवकर संपतो हे तिथल्या घराघरांत पोचायला हवं.

वय आणि आकडे

प्रयोगशाळेत पाच दिवस वाढलेल्या हजारो गर्भांच्या तपासण्यांतून एक चित्र स्पष्ट झालंय. चुकीच्या संख्येचं प्रमाण विशीच्या शेवटी सर्वांत कमी असतं, तरी तेव्हाही चारातला साधारण एक गर्भ तसा निघतो. पस्तिशीला तीनातला एक. चाळिशीला निम्म्याहून जास्त. चव्वेचाळिशीला दहातले आठ-नऊ.

सासूबाई शेतकरी घरातल्या. त्यांना मी बियाण्याचं विचारलं. यंदाचं भात पेरलं तर जवळजवळ सगळं उगवतं, चार वर्षं कणगीत पडलेलं पेरलं तर ओळीत मोकळ्या जागा राहतात. "व्हय," त्या म्हणाल्या, "आणि हातात घेतलं तर दोन्ही दाणे सारखेच दिसतात." मी याहून चांगलं सांगू शकले नसते.

त्या दाण्यातच ए ग्रेडचं उत्तर आहे. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ दिसतो कसा : पेशी किती, एकसारख्या आहेत का, किती फुगला आहे. ते टपोरेपण झालं. आत गुणसूत्रं २३ जोड्या आहेत की एक जास्त, हे त्या काचेखाली दिसत नाही. ए ग्रेडचे गर्भ बरोबर असण्याची शक्यता थोडी जास्त असते, पण ग्रेड ही हमी नाही. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. 'चांगला' या शब्दाचा अर्थ त्यांनी एक धरला, तिनं दुसरा.

तिच्या फाईलीतला हिशोबही आम्ही मांडला. इंजेक्शनं घेऊन नऊ बीजं निघाली. त्यातली पक्व सात. फळली पाच. पाचव्या दिवसापर्यंत पोचले गर्भ दोन. दर पायरीला गळती, आणि हे जवळपास सगळीकडे असंच घडतं. ३९ व्या वर्षी दोनातला एक चुकीच्या संख्येचा निघणं यात काही आश्चर्य नाही. दोन्हीही निघू शकले असते. 'नऊ बीजं मिळाली' म्हणून घरात पेढे वाटले होते. नवाचे दोन होणार हे कुणी आधी सांगितलं असतं, तर पुढचा धक्का एवढा बसला नसता.

बीजांचा साठा सांगणारी एएमएच नावाची रक्ततपासणी असते. तो आकडा चांगला आला की बायका निर्धास्त होतात. तो आकडा कणगीत भात किती आहे ते सांगतो, उगवेल किती ते नाही.

"आमच्या आजीला तर पंचेचाळिशीत मूल झालं"

झालं असेल, खरंच. चाळिशीतही काही बीजं बरोबर असतात. शक्यता कमी होते, शून्य होत नाही. पण त्या काळी आजीचे किती गर्भ पडले हे कुणी मोजलं नाही. 'पाळी लांबली आणि मग आली' एवढंच घरात म्हटलं जायचं. शिवाय जिला पाच-सहा मुलं सहज झाली, तिची गोष्ट त्या बाईला लागू करू नये जी आठ वर्षं वाट बघते आहे.

"मग पुरुषाचं काहीच नाही का?"

हा प्रश्न तिनं विचारला नाही, मी काढला. कारण फाईलीत नवऱ्याची वीर्यतपासणी तिच्या पाच तपासण्यांनंतर झालेली दिसली. हा क्रम उलटा हवा. ती तपासणी स्वस्त आहे, सुई टोचत नाही, आणि मूल न होण्याच्या कितीतरी जोडप्यांमध्ये कारण पुरुषाकडेही असतं. गुणसूत्रांच्या संख्येची चूक बहुतांशी बीजातून येते हे खरं. डाऊन सिंड्रोममध्ये सुमारे ९० टक्के वेळा जास्तीचं गुणसूत्र आईकडून आलेलं असतं. शुक्राणूंतही चूक होते, पण शंभरात फार थोड्यांत. तरी 'बीजातून येते' याचं घरात भाषांतर 'बाईचा दोष' असं होऊ देऊ नका. चाळिशीत पायऱ्या चढताना धाप लागते, त्याला दोष म्हणत नाहीत.

वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र दोघांचंही रक्त तपासून गुणसूत्रांचा नकाशा काढतात, त्याला कॅरिओटाइप म्हणतात. अशा शंभर जोडप्यांत तीन ते पाच ठिकाणी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात जागा बदललेले आढळतात. तो माणूस स्वतः धडधाकट असतो, कारण खंड सगळे आहेत, फक्त पानं इकडची तिकडे शिवली गेलीत. वाटणीच्या वेळी घोटाळा होतो. हे नवऱ्यातही असू शकतं.

नात्यातल्या लग्नाचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, काही समाजांत सख्खा मामाच. नात्यातल्या लग्नानं गुणसूत्रांची संख्या चुकत नाही. तिथं धोका वेगळा : घराण्यातला एखादा छोटा जनुकीय दोष आई आणि बाबा दोघांकडूनही येऊन मुलात एकत्र येतो. ग्रंथातले खंड बरोबर असतात, एका पानावर छपाईची चूक असते, आणि दोन्ही प्रतींत त्याच पानावर. त्यासाठीची तपासणीही वेगळी. घरात एखाद्या आजाराचं मूल आधी झालं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. लाजेनं दडवू नका. दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते आणि मग चुकीच्या तपासणीवर पैसे जातात.

"आधी तपासूनच गर्भ सोडला तर?"

ही तपासणी आहे. तिचं नाव पीजीटी-ए. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भात शंभर-दीडशे पेशी असतात. पुढं ज्यांची वार होणार त्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढून तपासायला पाठवतात, गर्भ गोठवून ठेवतात, आणि अहवाल आल्यावर बरोबर संख्येचा गर्भ सोडतात. असा गर्भ रुजून मूल होण्याची शक्यता दर वेळी सोडताना साठ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि आईचं वय जास्त असलं तरी ती फारशी घसरत नाही. वयाचा अडथळा मुख्यतः बीजात आहे, गर्भपिशवीत नाही, याचा हा चांगला पुरावा.

मग सगळ्यांनी ही तपासणी का करू नये? इथं मला जरा थांबायचंय, कारण या जागी फार पैसे आणि फार आशा खर्च होतात.

तपासणी गर्भ सुधारत नाही. दोन गर्भांतला एक बरोबर असेल तर तो कोणता एवढंच ती सांगते. दोन्ही चुकीचे असतील तर सोडायला काहीच उरत नाही, आणि खर्च झालेलाच असतो. तो बहुधा गर्भामागे आकारतात. चीनमध्ये १२१२ बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायका २० ते ३७ वर्षांच्या होत्या आणि प्रत्येकीकडे तीन तरी चांगले गर्भ होते. तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के जोडप्यांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. तरुण वयात, गर्भ पुरेसे असताना, तपासणीनं मुलं वाढली नाहीत. एकामागून एक गर्भ सोडले असते तरी तिथंच पोचले असते.

३८-४० नंतर चित्र बदलू शकतं. चुकीचा गर्भ सोडणं, रुजणं, आठव्या आठवड्यात गमावणं, पुन्हा सहा महिने सावरणं, यातली काही फेरी वाचते. या वयात सहा महिनेही मोलाचे असतात. पण गर्भच एक-दोन मिळणार असतील तर नुसतं सोडून बघणंही शहाणपणाचं असू शकतं. हा निर्णय सरसकट नाही.

दुसरी अडचण आपल्या म्हणीतच आहे : शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून भात शिजला का ते आपण ठरवतो, आणि बहुधा बरोबर ठरतो. पण कधी वरचा शिजलेला आणि तळाशी कच्चा असा भात निघतोच ना? काही गर्भांत काही पेशी बरोबर, काही चुकीच्या अशी मिसळ असते. तिला मोझेक म्हणतात. पाच-दहा पेशींवरून अख्ख्या गर्भाचा निकाल तेव्हा चुकू शकतो. अशा मिसळीच्या गर्भांतूनही निरोगी मुलं जन्मल्याचं २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. म्हणून अहवालात 'मोझेक' लिहिलं असेल तर गर्भ टाकून देण्याआधी जनुकीय सल्लागाराशी बोलायचा आग्रह धरा. आणि अहवाल उत्तम आला, दिवस राहिले, तरी तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी चुकवू नका.

मुलगा की मुलगी ते कळेल का?

प्रयोगशाळेला कळतं. तुम्हाला सांगणं आणि तुम्ही विचारणं, दोन्ही गुन्हा आहे. १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आणि २०२१ चा सहायक प्रजनन कायदा दोन्ही इथं लागू आहेत. कुणी 'जमवून देतो' म्हणालं तर त्या दारातून लगेच बाहेर पडा. जो तिथं कायदा मोडतो तो तुमच्या गर्भाच्या बाबतीत बाकीचे नियम पाळेल कशावरून?

बीज सुधारायचं औषध?

मिळतात पुष्कळ. झिजलेली कडी पुन्हा बसवणारं औषध अजून नाही. को-एन्झाइम क्यू-१०, डीएचईए वगैरे नावं तिच्या चिठ्ठीतही होती. त्यांनी मुलं होण्याचं प्रमाण वाढतं असा ठाम पुरावा नाही. फॉलिक अ‍ॅसिड मात्र घ्यावं, ते बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी. बाकी झोप, आहार, वजन हे सगळं तब्येतीसाठी चांगलंच, पण त्यातून ३९ चं बीज २९ चं होत नाही.

राहतात दोन वाटा. एक, बीजं लवकर गोठवणं : तिशीच्या सुरुवातीला गोठवलेलं बीज पुढंही त्याच वयाचं राहतं. तिच्यासाठी ही वेळ गेली, तिच्या धाकट्या बहिणीसाठी नाही. दुसरी, दात्या स्त्रीचं बीज. आपल्या कायद्यानं दाती २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बीज तरुण असल्यानं शक्यताही तरुण वयाची होते. हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या. मीही पुढं काही बोलले नाही. तो त्या नवरा-बायकोनं ठरवायचा विषय, माझ्या स्वयंपाकघरात ठरायचा नाही.

जाताना तिनं अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मराठीत चार प्रश्न लिहून घेतले. माझ्या वयात, माझ्या बीजांवर, एका वेळी किती शक्यता? आमच्या दोघांचा कॅरिओटाइप केला का? तपासणी केली आणि एकही गर्भ बरोबर निघाला नाही तर पुढं काय? आणि सही करायच्या आधी हे पान मला मराठीत कोण वाचून दाखवेल?

सासूबाई चप्पल घालता घालता पुन्हा मागं वळल्या. "म्हणजे पपईचं काय नव्हतं?"

"नव्हतं."

परवा तिचा फोन आला. चौथ्या प्रश्नानंतर दवाखान्यातल्या एका नर्सनं, चंदगडकडची मुलगी, अर्धा तास बसून अख्खं संमतीपत्र वाचून दाखवलं. दोघांचं रक्त दिलंय. कॅरिओटाइपचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील.